पाच ग्रॅम कमी

सोल्तोबायच्या घरात दोनच गोष्टी मोजूनमापून होत. एक बाणांचं वजन आणि दुसरं सुनेशी बोलणं. बाणाला बत्तीस ग्रॅम लागत. सुनेला दिवसाकाठी सात-आठ शब्द पुरत, आणि त्यातले निम्मे चहाबद्दलचे असत.

बाण बारा होते. काळे, कार्बनचे, आतून पोकळ. म्हाताऱ्याच्या धाकट्या मुलानं, उरमातनं, ते राजधानीतून आणले तेव्हा सोल्तोबायनं त्यातला एक तळहातावर तोलला आणि म्हणाला, "हे बाण आहेत की शेवया?" त्याचं चुकलं नव्हतं. बावीस ग्रॅमचा बाण म्हणजे त्या धनुष्याची चेष्टाच. बाण हलका असला की सुटताना सगळा झटका धनुष्यालाच बसतो, आणि हे धनुष्य त्याच्या बापानं दोन हिवाळे खपून रानबोकडाच्या शिंगाचं केलेलं. शिवाय गावाच्या सणाचा पहिला बाण लाकडाचा लागतो. तोही बापाच्याच हातचा, नेमका बत्तीस ग्रॅमचा. वर्षभर हाताला जे शिकवावं तेच तो ऐन वेळी करतो. सराव एका वजनावर आणि सण दुसऱ्या वजनावर असं चालत नाही. म्हणून कार्बनच्या बाणांत वजन भरायचं, आणि ते काम थोरल्या मुलाच्या बायकोचं, सालकीनचं.

काम तसं सोपं. बाणाच्या मागची प्लास्टिकची खाच उपटायची. गवत कापायच्या यंत्रात असते ती जाड नायलॉनची दोरी दांडीच्या लांबीइतकी कापून आत सरकवायची. टोकामागे पितळेचा तुकडा पेचानं बसवायचा. मग सोनं तोलायच्या छोट्या काट्यावर बाण आडवा ठेवायचा आणि आकडा वाचायचा. आकडा सालकीनच वाचायची, कारण म्हाताऱ्याला लांबचं दिसे, जवळचं दिसत नसे. न दिसणं त्याला चालत होतं. दिसत नाही असं म्हणणं चालत नव्हतं.

"किती?" तो बाकावरून विचारायचा.

"बत्तीस, आके."

इसिक-कुल तळ्याच्या आमच्या या काठावर मोठ्या माणसाला आके म्हणतात. सगळं गाव त्याला आके म्हणे. सालकीनही म्हणे. आणि सालकीनची सहा वर्षांची मुलगी बेगिमाय, तीही म्हणे.

सालकीनची मुलगी असं आपण म्हणायचं. घरात कुणी म्हणत नसे. पहिलं लेकरू आजी-आजोबांचं, हा आमच्याकडचा रिवाज आहे. म्हातारपणी घरात लहान पाऊल वाजावं म्हणून. बेगिमायला चाळीस दिवस झाल्यावर सासूनं तिला उचललं ते आपल्याच अंथरुणात नेलं. पोर सासूला आई म्हणायला शिकली आणि सालकीनला, उरमातचं ऐकून ऐकून, वहिनी. रिवाज वाईट नाही. माणूस बरा असला की रिवाजही बरा असतो. पण तीन वर्षांपूर्वी सालकीनचा नवरा खिंडीत ट्रक उलटून गेला, पुढच्या हिवाळ्यात सासू गेली, आणि तरी पोर काही आईकडे परत आली नाही. "मरताना बायकोनं माझ्या पदरात टाकलीय ती," म्हातारा म्हणे. सालकीनच्या वाट्याला रोज सकाळी पोरीची वेणी घालण्यापुरती पोर यायची. त्या वेणीला ती जितका वेळ लावता येईल तितका लावी.

मार्चमध्ये सोल्तोबायला न्यूमोनिया झाला. उठला तेव्हा धनुष्य तेच होतं, पण दोरी जी कानापर्यंत यायची ती हनुवटीशीच थांबायला लागली. बाण निशाणाच्या दोन हात खाली जायला लागले.

"वजन चुकलंय," तो म्हणाला. "परत तोल."

तिनं परत तोललं. बत्तीस. बाण परत खाली गेला.

"परत तोल."

त्या दिवशी ओल्या बर्फात, अंगणात उभी राहून तिनं बारा बाण चाळीस वेळा तोलले. बोटं अशी झाली होती की खाच उपटायला दात लावावे लागत. म्हातारा बाकावर मेंढीच्या कातड्यात बसून चहा पीत होता. शेवटी तो म्हणाला, "हिच्या हाताला बरकत नाही. उद्यापासून पोरीची वेणी उरमात घालेल."

उरमातनं घोड्याच्या शेपटीला मारतात तशा गाठी मारल्या. बेगिमाय चार दिवस रडली. पाचव्या दिवशी सालकीननं बाणात भरायला बारीक दोरी आणली.

तेव्हा तिला म्हाताऱ्याची कीवही आली होती, हे सांगायलाच हवं. दोरी ओढताना त्याचा दंड थरथरायचा आणि तो थरथर लपवायला खोकायचा. तिच्या मनात एवढंच आलं की बाण थोडा हलका केला तर तो पोचेल, याचा जीव शांत होईल आणि माझीही सुटका होईल. बारीक दोरीनं दोन ग्रॅम कमी झाले. लांबी तेवढीच ठेवली, म्हणजे आत काही खुळखुळू नये. बाण निशाणात बसला.

"किती होतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बत्तीस, आके."

"बघ. नीट तोललं की कसं जातं." मग म्हणाला, "पोरीला आज तुझ्याकडे निजव. उद्यापासून वेणीही तूच घाल."

अशी ती सुरुवात झाली. जूनमध्ये बाण पुन्हा खाली यायला लागले, तेव्हा सालकीननं आणखी बारीक दोरी घातली. एक ग्रॅम गेला आणि वेणीबरोबर पोरीची आंघोळही तिच्याकडे आली. ऑगस्टमध्ये पितळेचा तुकडा कानशीनं घासून निम्मा केला. आणखी दोन ग्रॅम गेले, आणि बेगिमाय आठवड्यातून दोनदा तिच्या कुशीत झोपायला लागली. धनुष्य सुटताना आता मधमाशीसारखं गुणगुणायचं. हलक्या बाणानं ते तसं रडतं. म्हाताऱ्याला ते ऐकूच येत नव्हतं की ऐकायचं नव्हतं, देव जाणे.

आणि म्हातारा असा फुगला की विचारू नका. बिनचूक बाण मारायचा आणि सरावाला आलेल्या पंचविशीतल्या पोरांना म्हणायचा, "अरे, तुमची मनगटं आहेत की दुधात भिजलेले बोर्सोक?" एकाचं धनुष्य हातातून काढून घेऊन म्हणाला, "हे तुझ्या बायकोला दे, ती तुझ्यापेक्षा बरं ओढेल." बोर्सोक म्हणजे कणकेचे तळलेले गोळे. पोरं माना खाली घालून ऐकत. सालकीन गवतातून बाण गोळा करून आणे आणि मनातल्या मनात म्हणे, सत्तावीस. हा आकडा तिला गोड लागायला लागला होता. कीव कधीच संपली होती.

सप्टेंबर लागला तशी बातमी आली. उरमातचं लग्न ठरलं होतं, सण झाला की नवरी घरी येणार होती.

"एका चुलीवर दोन सुना नकोत," म्हातारा चहा घेताना म्हणाला. तो इतके शब्द एकदम बोलला तेव्हाच सालकीन घाबरली. "सणाच्या दुसऱ्या दिवशी उरमात तुला माहेरी सोडेल. तू अजून तरुण आहेस. कुणीतरी करेल तुला."

"आणि बेगिमाय?"

"तिचं काय? ती तिच्या घरीच आहे."

त्यानं पेला पुढे केला. तिनं तो भरला, अर्धा, जसा भरायचा असतो तसा. मग जाऊन कणीक मळायला लागली आणि मळता मळता तिला ढसाढसा रडू आलं. कायदा तिच्या बाजूचा होता म्हणे. पण कायदा जिल्ह्याच्या गावी राहतो आणि सोल्तोबाय गावात. गावच्या निवाड्याला बसणारे पाची म्हातारे त्याच्याच हातचा चहा पिणारे होते. कणीक मळून झाली तोवर मात्र तिचं रडू थांबलं होतं. तिच्या हातात काय आहे हे तिला कळलं होतं.

सणाच्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी गावातला मेर्गेन, म्हणजे पट्टीचा नेमबाज, एक बाण मारतो. एकच. तो लाकडाचाच असतो. सोल्तोबायच्या बापाचे तसे तीन उरले होते. ते वर्षभर नमद्यात, लोकरीच्या जाड कापडात, गुंडाळून भिंतीवर टांगलेले असत आणि सणाच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नसे. बाईमाणसानं तर त्यांच्याखालून जायचंही नाही. त्यामुळे सालकीनला त्या बाणांचं काही करता येत नव्हतं, आणि काही करायची गरजही नव्हती. ते बत्तीस ग्रॅमचे होते, तसेच राहणार होते. म्हाताऱ्याचा हात सगळा उन्हाळा सत्तावीसवर शिकला होता.

नदीपलीकडच्या गावात तिचा मामा राहायचा. जेक्शेन. शिकारी गरुड पाळणारा, गडगडाटी हसणारा माणूस. तो सोल्तोबायचा कुर्दाश, एकाच वर्षी जन्मलेला. कुर्दाशानं कुर्दाशाला काहीही बोलावं, काहीही मागावं. जो चिडला तो हलका ठरला, असं आमच्याकडे आहे. पिठाची गिरणी त्याच गावात होती. सालकीन दळण घेऊन गेली आणि तशीच मामाकडे गेली. तो गरुडाला मांसाचे तुकडे भरवत होता.

"मामा, तुम्ही त्यांच्याशी पैज लावा. पहिल्या बाणावर."

"सोल्तोबायच्या बाणावर? डोळे बांधून उभा केला तरी लागेल त्याचा. उन्हाळाभर बघतोय मी. आणि मी लावू काय? हा?" त्यानं गरुडाकडे मान वळवली. "बायको मागेल तो देईन मी, पण हा नाही."

"गरुड कुठे जात नाही तुमचा. ते चुकणार आहेत."

"कशावरून?"

सालकीननं सांगितलं. बारीक दोरी, पितळ, काट्यावरचा आकडा, सगळं. सहा महिने हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.  जेक्शेन असा हसला की गरुडानं पंख फडफडवले.

"पाच ग्रॅम," तो म्हणाला. "अगं, चहात चमचाभर साखर टाकतो तेवढं."

"ऐंशी पावलांवर हातभर खाली जातो बाण तेवढ्यानं. दोन हातही जाईल, त्यांच्यात जोर उरलेला नाही." तिनं त्याची बाही धरली. "मामा, हरले की मुलगी मागा. सालकीनबरोबर जाऊ दे म्हणा, एवढंच. चारचौघांत दिलेला शब्द ते मोडणार नाहीत. मरतील, पण मोडणार नाहीत."

"तू माझ्या बहिणीची लेक," जेक्शेन म्हणाला. "तुझ्यासाठी एवढं नाही करणार मी?"

त्यानं हाताचं रक्त गवताला पुसलं, दोन्ही तळवे आकाशाकडे उघडले आणि तोंडावरून फिरवले. मामीनं जाम आणि पाव पुढे ठेवला. सालकीननं चार तुकडे खाल्ले. कित्येक महिन्यांत तिला अशी भूक लागली नव्हती. परत येताना पुलावर ती उगाचच थांबली आणि पाण्याकडे बघत हसली.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी म्हातारे सोल्तोबायकडे चहाला जमले. सालकीन समोवारापाशी बसून पेले भरत होती.

"काय रे सोल्तोबाय," जेक्शेन म्हणाला, "उद्या बाण तूच मारणार म्हणे. लोकांना सांगू का, लेकरं घरात ठेवा म्हणून?"

"लेकरांचं राहू दे. तुझी बायको घरात ठेव. माझा बाण बघितला की मग तुझ्याकडे बघवत नाही तिला."

म्हातारे खिदळले.

"तिला तुझं कौतुक आहे खरं," जेक्शेन म्हणाला. "परवा म्हणत होती, एवढा थकला बिचारा, आता त्याला काठी द्या, धनुष्य काय देता."

सोल्तोबायच्या कपाळावरची शीर उठली. पण चिडायचं नव्हतं. "पैज लाव मग. काय लावतोस? गुडघे? का ते बायकोकडे गहाण आहेत?"

"गरुड."

म्हाताऱ्यांनी पेले खाली ठेवले. त्या गरुडासाठी कझाक लोकांनी दोन घोडे देऊ केले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आणि मी हरलो तर?"

"मी मागेन ते."

"माग की. घर माग, दार माग. भिंतीवरचं धनुष्य माग. माझ्या हातून चुकायचं असतं तर मी तुझ्यासारखा म्हातारा नसतो का झालो?"

सगळ्यांनी तळवे उघडले. शब्द बांधला गेला. सालकीनचं लक्ष त्या तळव्यांकडे होतं, आणि तिनं जेक्शेनचा पेला काठोकाठ भरला. आमच्याकडे पेला अर्धा भरतात. पूर्ण भरला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा.

"बघा," सोल्तोबाय म्हणाला, "सूनबाई तुला आत्तापासूनच घालवून देतेय."

त्या हसण्यात जेक्शेनचं हसू सगळ्यात मोठं होतं. त्यानं जाताना भाचीकडे बघून एक डोळा मिचकावला, आणि सालकीननं त्या मिचकावण्यावर सगळा भार टाकला.

सणाच्या सकाळी तळ्याकाठच्या कुरणावर अख्खा मुलूख लोटला होता. ऐंशी पावलांवर तिकाटण्याला नमद्याचं गोल निशाण टांगलेलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये घोडे. बेगिमाय लाल जाकीट घालून म्हाताऱ्याच्या करड्या घोड्यावर बसली होती, आयाळ धरून, राणीसारखी. तिची वेणी त्या दिवशी सालकीननं अर्धा तास घातली होती. उद्या ही माझ्याबरोबर गाडीत असेल, मग रोज घालीन, असं ती प्रत्येक पेडाला म्हणत होती.

सोल्तोबाय पुढे आला. नमद्याची गुंडाळी सोडली, लाकडी बाण काढला, दोरीला लावला. आणि त्याचा हात थांबला.

हाताला कळलं. डोळ्यांना आकडा वाचता येत नव्हता, पण हात साठ वर्षांचा मेर्गेन होता. त्यानं बाण दोरीवरून काढला, दोन बोटांवर मधोमध तोलला. पुन्हा तोलला. लोकांना वाटलं तो बापाला आठवतोय. मग त्यानं मान वर केली आणि बायकांच्या घोळक्यात सालकीनला शोधलं. तिला वाटलं होतं आपण खाली बघू. तिनं नाही बघितलं खाली. तो बघत राहिला, ती बघत राहिली, आणि एवढ्या गर्दीत त्या दोघांनाच कळलं की काय झालंय.

तो ओरडू शकला असता. काटा आणा, तोला, पैज मोडा, असं म्हणू शकला असता. पण मग तेच बाण सगळ्यांसमोर तोलले गेले असते, आणि ज्या पोरांना तो उन्हाळाभर बोर्सोक म्हणत होता त्यांना कळलं असतं की मेर्गेन हलक्या बाणांवर मोठा झालाय. सोल्तोबायनं बाण पुन्हा दोरीला लावला. जमेल तेवढा ओढला. हनुवटीपर्यंत. आणि सोडला.

बाण छान सरळ गेला. निशाणापर्यंत पोचलाच नाही. तिकाटण्याच्या पायाशी गवतात तिरपा रुतला आणि पिसं हलत राहिली.

 मागे कुठेतरी एक पोरगा फिस्सकन हसला, आणि मग बरेच हसले.

"कुर्दाश," जेक्शेन पुढे येत म्हणाला, "जरा जवळ लावायचं होतं का निशाण?"

"माग," सोल्तोबाय म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "शब्द दिलाय. माग काय ते."

जेक्शेननं काल्पाक टोपी मागे सरकवली आणि घोड्यांकडे चालायला लागला. थेट करड्या घोड्याकडे. बेगिमायपाशी. सालकीन गर्दीतून वाट काढत धावली.  मामानं दोन्ही हात वर केले, पोरीला कमरेला धरलं, अलगद उचललं. सालकीननं हात पुढे केले.

त्यानं पोरीला जमिनीवर ठेवलं, बाजूला सारलं आणि घोड्याचा लगाम हातात घेतला.

"हा," तो म्हणाला.

लोकांनी आरोळी ठोकली. घोडा तसाच होता, काठावरच्या कुठल्याही गावात त्याला जोड नव्हती. बेगिमाय रडायला लागली आणि धावत जाऊन म्हाताऱ्याच्या पायांना बिलगली. सालकीन तिथेच राहिली, मामाच्या कोपराशी. तो जिनाचा पट्टा आवळत होता.

"मामा," ती म्हणाली. "तुम्ही तळवे उघडले होते."

"ओरडू नकोस. लोक बघतायत." त्यानं पट्ट्याचं आणखी एक भोक ओढलं. "खात्रीचा डाव कुणी पोरीवर घालवतं का? जरा विचार कर. असा घोडा जन्मात एकदा मिळतो. पोरी काय, दुसरं घर केलंस की होतील चार." आणि मग, खरंच मायेनं, "ये कधी जेवायला. मामी आठवण काढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी उरमातची गाडी दाराशी उभी राहिली. सालकीनचं गाठोडं मागच्या बाकावर गेलं. ती निरोप घ्यायला अंगणात आली तर म्हाताऱ्यानं टेबलावर बारा बाण मांडले होते. शेजारी काटा, जाड दोरीची गुंडाळी, नवे पितळी तुकडे.

"तोल," तो म्हणाला.

तिनं एक बाण काट्यावर ठेवला.

"किती?"

"सत्तावीस."

"केव्हापासून?"

"मार्चपासून. थोडं थोडं."

त्यानं मान हलवली. रागावला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "जेक्शेनकडून काय मिळणार होतं तुला? घोड्यात वाटा?"

"मुलगी," सालकीन म्हणाली. "तुम्ही हरलात की मुलगी मागतो म्हणाला होता."

म्हातारा हसायला लागला. त्याला हसताना तिनं या घरात कधी पाहिलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसला, डोळे पुसले.

"तू मागितली असतीस तर नसती दिली," तो म्हणाला. "पण त्यानं मागितली असती तर दिली असती बघ. तिथल्या तिथे. शब्द म्हणजे शब्द." त्यानं घराकडे तोंड करून हाक मारली. "बेगिमाय, इकडे ये. वहिनी जाण्याआधी शिकून घे. आता हे काम तुझं."

पोर आली. वेणी कालचीच होती, झोपून विस्कटलेली. सालकीन तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि शिकवायला लागली. खाच अशी उपटायची. दोरी अशी मापायची. पोरीची बोटं लहान, पण हुशार होती. दुसऱ्या बाणाला तिला सांगावं लागलं नाही.

"बेगिमाय," सालकीन हळूच म्हणाली. "मी तुझी आई आहे."

"माहितेय," पोर म्हणाली. "आकेंनी सांगितलंय." आणि दोरी उजेडात धरून, "ही लांब कापली का मी?"

"नाही. बरोबर आहे." सालकीननं खिशातून बारीक दोरीचं वेटोळं काढलं आणि तिच्या मुठीत कोंबलं. "हे लपवून ठेव. बाण खाली जायला लागले ना, की ही घाल. कुणाला सांगू नकोस. आकडा विचारला तर बत्तीसच म्हण. ऐकतेस का? बत्तीसच म्हणायचं."

पोरीनं वेटोळं बघितलं. मग नवा भरलेला बाण काट्यावर ठेवला आणि ओठ हलवत आकडा वाचला. "पण खरंच बत्तीस आहे," ती म्हणाली. "मला ही नको, वहिनी." आणि तिनं वेटोळं टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं, ठेवलं.

बारा बाण झाले. उरमातनं भोंगा वाजवला. सालकीन गाडीत बसली. म्हातारा धनुष्य घेऊन अंगणाच्या कडेला उभा राहिला, पोरीनं दिलेला पहिला बाण लावला आणि ओढला. हनुवटीपर्यंत. बाण निशाणाच्या दोन हात खाली गेला.

त्यानं धनुष्य खाली केलं. एकदा गाडीच्या काचेकडे पाहिलं, सालकीन बघतेय ना याची खात्री केली, आणि मग बाकावर जाऊन बसला.

"वजन चुकलंय," तो बेगिमायला म्हणाला. "परत तोल."

गाडी सुटली. बेगिमायनं गवतातून बाण आणला, पुसला आणि पुन्हा काट्यावर ठेवला.